दप्तरातलं नाव, हाकेचं नाव

मालवणाकडच्या गावात कुणाचं घर शोधायचं असेल तर लग्नपत्रिकेवरचं नाव घेऊन फिरण्यात अर्थ नसतो. आडनाव म्हणावं तर अर्ध्या वाडीचं तेच, आणि पाळण्यातलं नाव शेजाऱ्यांनाही आठवून सांगावं लागतं. एसटीतून उतरून वाडी सांगितली आणि 'बाबल्याचा घर खंय?' असं विचारलं, की टपरीवरचा माणूस हातातला कप खाली न ठेवता मानेनंच दिशा दाखवतो. शाळेच्या जनरल रजिस्टरात मात्र हा बाबल्या नसतो. तिथे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं तीन पदरी नाव असतं. आधार कार्डावर त्यातली एक वेलांटी वेगळी पडलेली असते, आणि त्या वेलांटीपायी युडायसवर, म्हणजे सरकारच्या शाळानोंदणीच्या संकेतस्थळावर, मुलाची नोंद अडकली की मुख्याध्यापकांचा अर्धा दिवस गेला म्हणून समजावं.

शैक्षणिक संशोधनाचे ऑनलाइन डेटाबेस म्हणजे असंच एक गाव, फक्त तिथे टपरी नाही. हाकेचं नाव तिथे कुणाला कळत नाही. दप्तरात जे लिहिलंय तेच अक्षर न अक्षर सांगावं लागतं. ते ठाऊक नसलं की पानावर येतं शून्य, आणि शून्य दिसलं की प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात ते ठरलेलं वाक्य येतं: 'प्रस्तुत विषयावर फारसे संशोधन झालेले आढळत नाही.' या वाक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. बहुतेक वेळा त्याचा खरा अर्थ 'हाक चुकीच्या नावानं मारली' एवढाच असतो. कधीकधी मात्र ते वाक्य खरं असतं. या दोन शून्यांतला फरक ओळखता येणं हीच या कामातली कारागिरी.

कोकणातल्या शिक्षकाला पडणारा एक साधा प्रश्न घेऊ. वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा, चार-पाच इयत्ता मिळून पट बारा-पंधरा, शिक्षक दोन. त्यातले एक बैठकीला गेले की उरलेल्या एकावर सगळे वर्ग. अशा शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवायचं तर काय केल्यानं फरक पडतो? कृतिसंशोधनाला हा विषय घेणारे पुष्कळ असतात. तो गुगलमध्ये इंग्रजीत वाक्यच्या वाक्य लिहून टाकला तर येतात शिकवण्यांच्या जाहिराती आणि कुठल्या तरी संकेतस्थळावरच्या दहा टिपा. याच प्रश्नाला एरिक नावाच्या डेटाबेसमध्ये पन्नास-साठ वर्षांचं साहित्य आहे. फक्त विचारायचं कसं, ते कळायला हवं.

एरिक म्हणजे एज्युकेशन रिसोर्सेस इन्फर्मेशन सेंटर. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा हा उपक्रम १९६४ साली सुरू झाला. तो फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही आणि पानं साधी असल्यानं अशक्त रेंजवरही उघडतात. २००३ पर्यंत त्याचं काम सोळा विषयवार केंद्रांत वाटलेलं होतं आणि त्यातलं एक केंद्र खास ग्रामीण शिक्षण आणि लहान शाळांसाठी होतं. ते शेवटची बरीच वर्षं वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटन इथे होतं. वेस्ट व्हर्जिनिया म्हणजे डोंगरात विखुरलेल्या वस्त्या, कोळशाच्या खाणी आणि कामासाठी बाहेर पडलेली तरणी माणसं. गिरणीपासून गोदीपर्यंत चाकरमानी पाठवत आलेल्या मुलखाला यात काही अनोळखी वाटू नये. या केंद्रांनी 'डायजेस्ट' नावाची छोटी टिपणं काढली. एका विषयावरचं तोवरचं संशोधन त्यात दोन-चार पानांत आटोपशीर मांडलेलं असतं. जुनी आहेत खरी, पण नव्या माणसानं सुरुवात तिथूनच करावी. शंभर पानांचा अहवाल पहिल्याच दिवशी उतरवून घेणारा माणूस तो सहसा वाचत नाही.

एरिकमधल्या प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. तो 'ईजे'नं सुरू झाला तर नियतकालिकातला लेख, 'ईडी'नं सुरू झाला तर बाकी सगळं: अहवाल, परिषदेतले निबंध, हस्तपुस्तिका, पुस्तकं. हा फरक पाठ करून ठेवावा, कारण ईडीतल्या पुष्कळ गोष्टी तिथल्या तिथे पीडीएफ म्हणून मिळतात, तर ईजे बहुधा प्रकाशकाच्या दारात नेऊन सोडतो आणि तिथे तिकीट लागतं. ज्यांच्या कॉलेजला वर्गणी परवडत नाही त्यांनी आधी ईडी धुंडाळावेत. साठ ते नव्वदच्या दशकांतली बरीच कागदपत्रं मूळ मायक्रोफिशवर, म्हणजे पानांची बारीक छायाचित्रं असलेल्या फिल्मच्या पत्र्यांवर, होती. त्यांच्या प्रती तिरक्या, करड्या आणि मध्येच एखादा तक्ता काळाठिक्कर पडलेल्या असतात. त्यातले आकडे उतरवून घेताना तीन आणि आठ यांच्याकडे दोनदा पाहावं.

आता नावांकडे येऊ. एरिकचा स्वतःचा थिसॉरस आहे, म्हणजे मान्य शब्दांची वही. प्रत्येक नोंद वाचून तिथला माणूस या वहीतले शब्द तिला चिकटवतो. त्यांना 'डिस्क्रिप्टर' म्हणतात. लेखकानं शीर्षकात काहीही लिहिलेलं असो, चिकटवलेला शब्द ठरलेला असतो. आपली बहुवर्ग अध्यापनाची शाळा तिथे 'मल्टिग्रेडेड क्लासेस'. एकशिक्षकी शाळा 'वन टीचर स्कूल्स'. पट घसरणं म्हणजे 'डिक्लाइनिंग एनरोलमेंट', आणि त्यातही एनरोलमेंटला अमेरिकन दोन एल लावतात, आपण ब्रिटिश वळणानं एक. शाळा बंद होणं 'स्कूल क्लोजिंग', शालेय पोषण आहार 'लंच प्रोग्रॅम्स', मातृभाषा 'नेटिव्ह लँग्वेज'. थिसॉरसमध्ये शब्द उघडला की त्याखाली त्याचं कुटुंब दिसतं: वरचा व्यापक शब्द, खालचे बारीक शब्द, शेजारचे शब्द, आणि 'हा शब्द वापरू नका, त्याऐवजी तो वापरा' अशी सूचना. या सूचनेसाठीच थिसॉरस उघडायचा. टपरीवरच्या माणसाचं काम इथे तीच करते.

थिसॉरसमध्येही वाट सापडली नाही तर उलट्या बाजूनं जावं. साध्या शब्दांनी शोधून विषयाला अगदी नेमका बसणारा एकच लेख पकडावा. त्याच्या नोंदीत खाली डिस्क्रिप्टरांची ओळ असते. त्या लेखाला तिथल्या माणसानं काय म्हटलंय ते पाहावं आणि तेच शब्द घेऊन पुन्हा शोधावं. पहिला शोध असा फक्त नाव विचारण्यापुरता असतो. खरी शोधाशोध दुसऱ्या फेरीत.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात शाळेचा प्रकार: मल्टिग्रेडेड क्लासेस, वन टीचर स्कूल्स, स्मॉल स्कूल्स. दुसऱ्यात शिकवण्याचा विषय: बिगिनिंग रीडिंग, रीडिंग इन्स्ट्रक्शन. तिसऱ्यात जागा: रूरल स्कूल्स, किंवा भारत. एका रकान्यातले शब्द 'ऑर'नं जोडायचे आणि त्यांना कंस घालायचा. दोन रकाने 'अँड'नं जोडायचे. 'ऑर'नं आवाका वाढतो, 'अँड'नं आटतो. दोन शब्दांच्या नावाला दुहेरी अवतरण हवंच, नाहीतर 'स्मॉल' एकीकडे आणि 'स्कूल्स' भलतीकडे असलेल्या नोंदीही येतात. शब्दाच्या आधी 'डिस्क्रिप्टर' आणि विसर्गासारखं कोलनचिन्ह लावलं (हे सगळं अर्थात रोमनमध्ये) की शोध फक्त चिकटवलेल्या शब्दांत होतो. 'टायटल' लावलं तर फक्त शीर्षकात.

सगळ्यात जास्त चुकतो तो कंस. 'अ ऑर ब अँड क' असं सलग लिहिलं तर यंत्र आपल्या मनातली जोडी ओळखत नाही. ते 'ब आणि क' आधी बांधतं आणि 'अ' मोकळा सोडतं. मग जगातल्या सगळ्या लहान शाळा समोर येतात, वाचनाचा पत्ता नाही. दुसरी चूक उतावीळपणाची: पहिल्याच फेरीत तिन्ही रकाने, वर वर्षाची अट, वर भारत. शून्य येणारच. आधी एक रकाना टाकून संख्या पाहावी, मग दुसरा, मग तिसरा, आणि प्रत्येक पायरीची संख्या लिहून ठेवावी. कुठल्या पायरीवर एकदम कोसळली ते कळलं की दोष कुठल्या शब्दात आहे तेही कळतं. हाती शंभराच्या आत नोंदी आल्या की शीर्षकं वाचायला बसावं. चारशे आल्या तर आणखी एक अट घालावी. पाच आल्या तर एक काढावी.

काही नावं नुसती वेगळी नसतात, ती फसवतात. 'इंडियन एज्युकेशन' असं एरिकमध्ये टाकलं तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या शाळा येतात, कारण तिथे 'इंडियन' म्हणजे ते. 'रिझर्व्हेशन' टाकलं तर आरक्षण येत नाही, त्याच लोकांच्या राखीव वसाहती येतात. आपलं आरक्षण शोधायचं तर 'अफर्मेटिव्ह ॲक्शन'च्या दारातून जावं लागतं. 'पब्लिक स्कूल' म्हणजे तिथे सरकारी शाळा, तर आपल्याकडे पाटीवर पब्लिक स्कूल लिहिलं की फी विचारूनच आत जावं. 'प्रायमरी एज्युकेशन' म्हणजे एरिकच्या हिशेबात बालवाडीपासून तिसरीपर्यंत. आपली चौथी-पाचवी त्यात मावत नाही, ती 'एलिमेंटरी'त सापडते. आणि शिक्षणहक्क कायद्यातलं एलिमेंटरी आठवीपर्यंत जातं, ही गाठ आणखी वेगळी. भारताबद्दलच्या प्रत्येक नोंदीला एरिक आणखी एक शिक्का मारतं: 'फॉरिन कंट्रीज'. राग मानू नये. एकाच वाडीतले आपण आणि जपान.

जुन्या शब्दांचं प्रकरण वेगळं. शाळेतली गळती आज सगळे 'ड्रॉपआउट' म्हणून शोधतात. पण भारतातल्या जुन्या संशोधनात तिला 'वेस्टेज अँड स्टॅग्नेशन' म्हणत. १९२९च्या हार्टोग समितीच्या अहवालामुळे हे शब्द रुजले आणि पुढे कित्येक दशकं शीर्षकांत राहिले. मराठीत त्याचं 'गळती व स्थगिती' झालं. ड्रॉपआउट टाकून शोधणाऱ्याला ही सगळी पिढी दिसतच नाही. एरिकमध्ये याच गोष्टीच्या उजळ बाजूला 'स्कूल होल्डिंग पॉवर' असं नाव आहे, म्हणजे मुलांना धरून ठेवण्याची शाळेची ताकद. शब्द छान आहे, शोधताना मात्र कुणाला सुचत नाही. तसंच अपंग आणि दिव्यांग, मतिमंद आणि बौद्धिक अक्षम. समाजानं शब्द बदलला ते योग्यच झालं, पण जुने प्रबंध जुन्याच नावानं निजलेले असतात. शोधताना दोन्ही नावं घ्यावीत, लिहिताना आजचं.

एरिकच्या पानावर 'पीअर रिव्ह्यूड ओन्ली', म्हणजे फक्त त्या विषयातल्या तज्ज्ञांनी तपासलेलं, अशी एक चौकट असते. मार्गदर्शकांनी सांगितलेलं असतं म्हणून विद्यार्थी ती सर्वांत आधी टिचकवतात. ही खूण एरिकनं २००४ पासून ठेवायला सुरुवात केली. त्याआधीच्या लेखांना ती नाही, मग ते कितीही कसोशीनं तपासलेले असोत. चौकट टिचकवली की चाळीस वर्षांचा माल एका झटक्यात गायब होतो, आणि लहान शाळांवरचा चांगला भाग नेमका त्यात असतो. ती चौकट शेवटी वापरावी, आणि वापरली तर तसं लिहून ठेवावं.

लेख मिळाला पण पूर्ण वाचायला पैसे मागतोय, अशा वेळी घाबरायचं कारण नाही. शीर्षक अवतरणात घालून गुगल स्कॉलरमध्ये टाकावं आणि 'ऑल व्हर्जन्स'वर जावं. लेखकानं आपल्या विद्यापीठाच्या संग्रहात ठेवलेली प्रत पुष्कळदा तिथे सापडते. नाहीतर लेखकाला सरळ चार ओळींची ईमेल करावी. आपलं संशोधन रत्नागिरीजवळच्या शाळेत कुणी वाचतंय याचा आनंद बहुतेकांना होतो. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तिच्यात ३० प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं आहेत आणि तीन वर्षांसाठी सहा हजार कोटींची तरतूद. पण ती आहे सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांसाठी. खाजगी विनाअनुदानित बी.एड. कॉलेज त्यात बसत नाही, आणि ज्याच्या वर्गावर हे संशोधन व्हायचं तो जिल्हा परिषदेचा शिक्षक तर मुळीच नाही. हे मला खटकतं. सरकारी महाविद्यालयात कुणी ओळखीचं असेल तर तिथे जाऊन वाचावं.

अलीकडची एक पीडा म्हणजे चॅटबॉटनं बनवून दिलेले संदर्भ. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, वर्ष पटण्यासारखं, आणि लेख जन्मालाच आलेला नाही. तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. ईडी किंवा ईजे क्रमांक दिला असेल तर तो एरिकमध्ये टाकावा आणि नोंदीतलं शीर्षक जुळतं का पाहावं. क्रमांक नसेल तर शीर्षक अवतरणात घालून शोधावं. नियतकालिकाच्या त्या खंडाची अनुक्रमणिका उघडून पान क्रमांक ताडावा. तिन्ही ठिकाणी काही नसेल तर तो संदर्भ कितीही गोड असला तरी काढून टाकावा.

आता घरच्या दप्तराकडे. भारतातल्या पीएच.डी. प्रबंधांसाठी 'शोधगंगा' आहे. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं आणि तिथून हा साठा वाढत गेला. त्याआधीच्या भारतीय संशोधनासाठी एम. बी. बूच यांनी बडोद्याहून १९७४ साली सुरू केलेल्या आढाव्यांचे जाड खंड आहेत. एखाद्या जुन्या अध्यापक महाविद्यालयाच्या कपाटात ते अजून असतात, वाळवीपासून वाचले असतील तर.

शोधगंगेवर थिसॉरस नाही, आणि म्हणून नावांचा खरा तमाशा इथे. मराठीत लिहिलेल्या प्रबंधाचं शीर्षक पुष्कळदा रोमन लिपीत नोंदवलेलं असतं, आणि ते ज्यानं टंकलं त्याच्या कानाप्रमाणे. 'जिल्ह्यातील' हा एकच शब्द कुणी जेनं सुरू करतो, कुणी झेडनं. शेवटी कुणी 'टीआयएल' लावतो, कुणी 'टीईईएल'. सिंधुदुर्गच्या शेवटी ए असतो किंवा नसतो. कोकणात पहिल्या अक्षरानंतर एन असतो किंवा नसतो. रायगडचं स्पेलिंग सरकारी कागदांत आरएचनंही येतं, आणि तसं टाकलं की छत्तीसगडचा रायगढ समोर उभा राहतो. सगळी रूपं टाकून पाहणं हा एक मार्ग झाला. त्याहून सोपा मार्ग म्हणजे शोधायचंच नाही, चाळायचं. विद्यापीठ उघडावं, त्यात शिक्षणशास्त्र विभाग, आणि यादी शीर्षकाच्या वर्णक्रमानं लावावी. मराठी प्रबंधांची शीर्षकं 'रत्नागिरी जिल्ह्यातील...' अशीच सुरू होण्याची खोड असल्यामुळे आर अक्षराखाली ती एका रांगेत येतात. स्पेलिंग कसंही असो, डोळ्याला कळतं. मुंबई विद्यापीठावरच थांबू नये. सिंधुदुर्गातल्या माणसाला कोल्हापूर जवळ पडतं, म्हणून शिवाजी विद्यापीठही पाहावं, शिवाय एसएनडीटी, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ.

प्रबंध तिथे प्रकरणवार तुकड्यांत असतो. रेंज पुरवून वापरायची असेल तर हे वरदानच. '८०'नं सुरू होणारी, 'रेकमेंडेशन' नावाची फाइल आधी उतरवावी. त्यात बहुधा मुखपृष्ठ आणि निष्कर्षाचा भाग असतो. तो वाचून कामाचं वाटलं तर मग पद्धतीचं प्रकरण, आणि शेवटी परिशिष्ट, कारण प्रश्नावल्या आणि चाचण्या परिशिष्टातच असतात. संदर्भ साहित्याचं प्रकरण मात्र जपून वापरावं. एकाच्या आढाव्यातली चूक दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या आढाव्यात जशीच्या तशी उतरलेली असते, अगदी चुकलेल्या वर्षासकट.

पीडीएफ उघडली, मराठी स्वच्छ दिसतंय, आणि तरी आत शब्द शोधला तर सापडत नाही. कारण ती अक्षरं श्रीलिपी, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टांतली असतात. डोळ्यांना 'शाळा' दिसते, फाइलीच्या पोटात मात्र रोमन अक्षरांची खिचडी असते. कॉपी करून पाहिलं की लगेच कळतं. अशा पानाचं आधी चित्र करून घ्यावं, ते गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्सनं उघडावं. यंत्र चित्रातली अक्षरं ओळखून युनिकोड मजकूर देतं. जोडाक्षरं आणि आकडे हातानं तपासावे लागतात, पण दहा पानं टंकण्यापेक्षा ते बरं. युनिकोडमध्येही एक खास मराठी अडचण उरते. 'दुसऱ्या'मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तसंच. म्हणून शोधशब्द निवडताना ही अक्षरं असलेले शब्द टाळावेत; 'दुसऱ्या वर्गातील'ऐवजी 'इयत्ता दुसरी' टाकून पाहावं.

तिसरं दप्तर आकड्यांचं. युडायस प्लसमध्ये शाळेचं नाव म्हणजे अकरा अंकी क्रमांक: पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे, शेवटचे दोन शाळेचे. महाराष्ट्र २७, म्हणून रत्नागिरीच्या शाळा २७३२नं सुरू होतात, सिंधुदुर्गाच्या २७३३नं, रायगडच्या २७२४नं. नावांच्या सगळ्या गोंधळानंतर हे किती सुटसुटीत वाटतं! पण एक्सेल आहे ना. रकाना अरुंद असला की एक्सेल हा क्रमांक '२.७३ई+१०' असा दाखवतं. रकाना आधीच 'टेक्स्ट' करून घ्यावा. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात आणि देशात शाळा त्याहून जास्त आहेत. सबंध देशाची फाइल थेट उघडली तर खालच्या ओळी कापल्या जातात. एक सूचना येते, ती कुणी वाचत नाही. आपल्या राज्याची फाइल वेगळी उतरवावी. संशोधनासाठी मिळणाऱ्या फाइलींत खऱ्या क्रमांकाऐवजी टोपणक्रमांक असतात. पट एका फाइलीत, इमारत-सुविधा दुसरीत, शिक्षक तिसरीत, आणि त्यांना जोडणारा धागा हाच टोपणक्रमांक. एखादी विशिष्ट शाळा पाहायची तर 'नो युवर स्कूल'चं पान वेगळं आहे.

वर्षावर्षांची तुलना करताना तीन तारखा डोळ्यांसमोर ठेवाव्यात. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि त्याच वर्षी कुलाब्याचं रायगड झालं. १९७१ची रत्नागिरी आणि १९९१ची रत्नागिरी हे दोन वेगळे मुलूख आहेत. २०१४ साली ठाण्यातून पालघर निघाला. आणि २०२२-२३ पासून युडायसनं शाळावार आकड्यांऐवजी एकेका विद्यार्थ्याची नोंद घ्यायला सुरुवात केली. त्या वर्षी पट खाली आलेला दिसतो, त्यातला काही भाग मोजण्याची रीत बदलल्यामुळे आहे. मंत्रालयानंही आधीच्या वर्षांशी सरळ तुलना करू नका असं म्हटलं आहे. तरीही 'एका वर्षात पट इतका घसरला' असा आलेख काढला जातो आणि खाली कारण लिहिलं जातं: मुंबईकडे स्थलांतर.

सरासरीही जपून घ्यावी. तीन शाळा आहेत. पट ४, १२ आणि २०. सरासरी बारा. चार पटाची शाळा बंद झाली आणि ती मुलं उरलेल्या दोन शाळांत गेली, तर सरासरी होते अठरा. एकही नवं मूल आलेलं नाही, उलट चार मुलांची पायपीट वाढली, आणि तक्त्यात मात्र प्रगती दिसते. म्हणून दोन्ही वर्षांच्या यादीत असलेल्या शाळा एका पत्रकात, यादीतून गळालेल्या शाळा दुसऱ्या पत्रकात, असं वेगळं मांडावं. कोकणात दुसरं पत्रक आधी वाचावं.

हे सगळं जमवायचं तर शोधवही लागते. तारीख, कुठला डेटाबेस, टाकलेली ओळ कंस-अवतरणांसह जशीच्या तशी, लावलेल्या अटी, आलेली संख्या, उघडलेल्या नोंदी, ठेवलेल्या नोंदी. संदर्भ सांभाळायला झोटेरो हे फुकट साधन चांगलं आहे, पण ही वही कागदी असलेली बरी. जुलैत वीज गेली आणि रेंजसाठी सड्यावर चढावं लागलं, तर वर जाऊन काय काय उतरवायचं ते वहीतच लिहिलेलं असतं. पीडीएफना नावं देताना आडनाव, वर्ष आणि एक शब्द, एवढं पुरे. 'डाउनलोड(१४)' या नावाची फाइल पावसाळा संपेपर्यंत कुणाला ओळखू येत नाही.

या वहीची खरी परीक्षा पाहायची तर विषय घ्यावा आंब्याच्या बागांतल्या मुलांचा. हापूसच्या हंगामासाठी नेपाळी गडी रत्नागिरीकडच्या बागांत येतात, काही जण बायकामुलांसह. नेपाळात शाळेचं वर्ष वैशाखात, एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. आपलं जूनच्या मध्याला. हंगाम दोन्ही वर्षांना मधूनच कापतो. एरिकमध्ये या मुलांना 'मायग्रंट चिल्ड्रन' म्हणतात आणि कामाला 'सीझनल लेबरर्स'. साहित्य भरपूर आहे, पण पिकं तिकडची. शोधगंगेवर 'स्थलांतरित' टाकलं, प्रत्येक स्पेलिंगनं, तर ऊसतोडीची मुलं पुढे येतात. साखरशाळा, हंगामी वसतिगृह, शिक्षण हमी कार्ड. युडायसमध्ये मूल दिसायचं तर आधी ते कुठल्या तरी पटावर हवं. आंबा, मँगो, बाग, ऑर्चर्ड, गुरखा, नेपाळी, हंगामी, सीझनल: आठ हाका झाल्या, प्रत्येकीपुढे तारीख आणि संख्या लिहिली. वहीचं ते पान प्रबंधाच्या परिशिष्टात जोडावं, आणि मग दुसऱ्या प्रकरणात ते ठरलेलं वाक्य लिहायला हरकत नाही.